पंचमीला तवा मी ठेवला होता

हिर्डोशी सोडली तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि मांडीवर तीन महिन्यांची मुलगी होती. शिमगा आठ दिवसांवर आला होता. बैलगाडीत गोधडी अंथरलेली, तिच्यावर माझी एक पत्र्याची पेटी, तांदळाचं गाठोडं आणि नाचणीच्या पिठाची पिशवी. गावातल्या बाया वेशीपर्यंत आल्या. कुणी मुलीच्या गालाला काजळाचं बोट लावलं, कुणी माझ्या ओटीत खोबऱ्याची वाटी घातली. "जबलपूर म्हंजी काशीच्या अलीकडं का पलीकडं?" असं एकीनं विचारलं. मालक म्हणाले, "अलीकडंच." तेव्हा तिला जरा बरं वाटलं. आई रडली नाही. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि तिचं नेहमीचंच सांगितलं, "गिळायला शीक. गिळलेलं कुणाला दिसत न्हाई."

गाडी भोरच्या वाटेला लागली की शेवटचं घर लागतं ते हौसाच्या भावाचं. हौसा अंगणात भात कांडत होती. तिच्यात आणि माझ्यात दहा पावलांचं अंतर असेल. मुसळ वर जात होतं, खाली येत होतं. गाडी समोरून गेली, तरी ते थांबलं नाही. तिनं मान वर केली नाही आणि मीही हाक मारली नाही.

गाव सोडताना फार रडू आलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. हौसाचं घर मागं पडलं आणि मला हायसं वाटलं. नसरापूर आलं तोवर मी मालकांशी हसून बोलत होते.

तुम्ही जे गावात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे पुण्याला, मुंबईला, आणखी कुठं कुठं पोटामागं गेलात, त्या सगळ्यांना हौसा माहीत आहे. पंचमीला तवा चुलीवर ठेवून स्वतःच्या नवऱ्यावर नागाचा कोप आणणारी बाई, अशी तिची ओळख तुम्ही आपापल्या पोरांना सांगता. मी मुंबईहून आलेल्या एका पोरीच्या तोंडून ती गोष्ट ऐकली आहे. ती पोर तेव्हा जन्मलीही नव्हती. त्या गोष्टीत मीही असते, नको नको म्हणणारी शहाणी मैत्रीण. आता खरी गोष्ट ऐका.

हौसा आणि मी एका वयाच्या. आमची घरं तीन दारं सोडून. लग्नंही एकाच उन्हाळ्यात झाली. तिला डोंगरापलीकडं पालीला दिलं, राजगडाच्या पायथ्याला. माझे मालक गावाखालच्याच वाडीचे, पण जबलपूरच्या सरकारी कारखान्यात घण मारायला गेलेले. त्या वर्षी मला पाचवा महिना होता म्हणून मी माहेरी आले होते आणि हौसाला तिच्या भावानं पंचमीसाठी आणली होती. आदल्या दिवशी भावासाठीचा उपास आम्ही दोघींनीही केला, मी माझ्या दादासाठी. आई नको म्हणत होती, पण दोन जिवांच्या बाईनं भावाचा उपास मोडला तर लोक काय म्हणतील म्हणून मी हट्टानं केला. म्हणजे लोक काय म्हणतील याची भीती मला तवा ठेवायच्या आधीपासूनच होती.

पंचमीचा नेम आपल्याकडं कसा असतो ते परगावी वाढलेल्या पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. त्या दिवशी विळीला हात लावायचा नाही, काही चिरायचं नाही, तळायचं नाही, भाजायचं नाही. तवा आदल्या रात्रीच उतरवून पालथा घालायचा. जे खायचं ते उकडून. म्हणून दिंडं करायची. पुरण भरून कणकेची चौकोनी पुडी बांधायची आणि हळदीच्या पानावर ठेवून वाफवायची. आपल्या डोंगरात गहू सणापुरता, तूप त्याहून कमी, त्यामुळं वर्षात एकदाच मिळायची ही चैन.

हौसासारखं पुरण गावात कुणाला जमत नव्हतं. डाळ किती शिजली ते ती वासावरून सांगायची. पाट्यावर वाटताना गूळ मागून थोडा थोडा घालायची. कणीक इतकी पातळ लाटायची की आतलं पिवळं पुरण दिसायचं, आणि चारी कोपरे असे दाबायची की वाफेत एक कण बाहेर यायचा नाही. माझी दिंडं नेहमी फुटायची. ती म्हणायची, "अनशे, तुझ्या दिंडाला बी तुझ्यासारखंच तोंड हाय. मिटतच न्हाई." तेव्हा मी बडबडी होते, यावर आता कुणाचा विश्वास बसणार नाही.

दुपारी आई आणि बाकीच्या बाया लाह्या, दूध घेऊन वारुळाला गेल्या. गाणी लांबून ऐकू येत होती. आम्ही दोघी मागं राहिलो, राहिलेली दिंडं करायला. पहिली चाळण उतरली, नैवेद्याची बाजूला काढली. एक मी तोंडात घातलं आणि मळमळलं. ओलं, गिळगिळीत. डोहाळे लागलेल्या बाईला जे नको ते नकोच. मला काहीतरी कुरकुरीत हवं होतं, तुपात लाल झालेलं, कडेला करपलेलं.

मी उठले आणि पालथा घातलेला तवा उचलून चुलीवर ठेवला.

"अनशे! येडी का खुळी? आज तवा?"

"नागाला काय हितं वास येतोय व्हय? तो गेलाय वारुळात लाह्या खायला."

"तुझी आय बघंल."

"तू दारात ऱ्हा की मग. आली की खोक."

ती दारात गेली. तिथूनच म्हणाली, "तूप जास्ती नको घालूस, वास सुटंल." मग पहिलं दिंड खाली उतरलं तशी आत आली, निम्मं मोडून घेतलं, फुंकर मारत तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. "मेलं, लई ग्वाड लागतंय गं." आम्ही चार दिंडं खाल्ली. इतक्या हसलो की माझं पोट दुखायला लागलं. आजवर मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ चांगलंचुंगलं खाल्लं, पण तसं काही नाही. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. त्या चार दिंडांची लाज मला कधीच वाटली नाही.

गाणी जवळ आली तसा तवा धुवायलाही वेळ उरला नाही. मी तो गरमच सरपणामागं सारला. सकाळी भाकरीला आईनं तो काढला. त्याला तूप आणि करपलेलं पुरण चिकटलेलं होतं. तिनं तवा पाहिला, मला पाहिलं, राखेनं घासून काढला आणि भाकरी थापायला बसली.

तिसऱ्या दिवशी हौसाचा नवरा तिला न्यायला आला. दुपारची वेळ, पाऊस उघडलेला. गावाच्या तोंडाशीच, खाचराच्या बांधावर त्याचा पाय पडला आणि साप डसला. जवळ काम करणाऱ्या दोघांनी तो साप काठीनं मारला. तो नाग नव्हता, फुरसं होतं. हातभर लांब, अंगावर नक्षी असलेलं. ते मेलेलं फुरसं सगळ्या गावानं पाहिलं. मीही पाहिलं. आपल्याकडं पावसाळ्यात कुणाला ना कुणाला फुरसं चावतंच, ते सण बघून चावत नाही. पण संध्याकाळपर्यंत गावाच्या तोंडी त्याचा नाग झाला होता.

माणूस वाचला. पाय मांडीपर्यंत सुजला, काळा पडला, पुढं तीन बोटं गेली. पालीहून त्याची माणसं आली आणि त्याच दिवशी आमच्या ओट्यावर बाया जमल्या. थोरली काकी, जिच्या शब्दापुढं गावातली कुठलीच बाई जात नसे, तिनं विचारलं, "पंचमीचा नेम कुणी मोडला? ह्या आळीत तुपाचा वास आल्ता. खरं सांगा, पोरीचा संसार हाय."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "हौसीनं ठेवला तवा. माझी पोर नको नको म्हणत हुती." आणि माझ्याकडं वळून, "सांग की गं."

मी मान हलवली.

एवढंच. आई एक वाक्य बोलली आणि मी मान हलवली. हौसा ओट्याच्या खांबाला टेकून बसली होती, दोन दिवस नवऱ्याच्या उशाशी जागून डोळे सुजलेले. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं. मग म्हणाली, "व्हय. म्याच ठेवला."

पालीची माणसं तिच्या नवऱ्याला डोलीत घालून घेऊन गेली. तिला नेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं दुसरी केली. हौसा सतराव्या वर्षी भावाच्या दारात आली ती आजतागायत तिथंच आहे.

त्यानंतर सात महिने मी त्याच आळीत होते. रोज पाण्याला जाताना ती दिसायची. सात महिन्यांत एका दिवशीही माझं तोंड उघडलं नाही. मार्गशीर्षात मुलगी झाली. सगळ्या बाया बाळंतिणीला बघायला आल्या, हौसाला कुणी आत येऊ दिलं नाही. तिनं पोरीसाठी शिवलेली टोपडी दारातच दिली. आईनं ती घेतली आणि मला पोरीला घालू दिली नाही. आणि मी ते गिळलं.

जबलपूरला येऊन मला सुख लागलं, हे मी लपवणार नाही. कारखान्याच्या मागं दोन खोल्यांचं क्वार्टर, अंगणात नळ. गहू रोजचा. घरात तवा रोज चढणार, चुलीला चूल्हा म्हणायचं, भाजीला तरकारी. मालकांनी मला अक्षर ओळखायला शिकवलं, मग गल्लीतल्या एका मास्तरीणबाईकडं मी दुपारची जायला लागले. गावाकडून कार्डं यायची, त्यांत हौसाचं नाव नसायचं. गाव सोडून गेलेल्या बाईनं झुरत राहावं, डोंगर ओलांडून आलेल्या वाटेकडं बघत उसासे टाकावेत, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. मी गेले हे चांगलंच झालं. माझ्या मुली शिकल्या. गावातून गेल्याची माफी मी कुणाकडं मागणार नाही.

तिसऱ्या वर्षीच्या पंचमीला एक गंमत झाली. इथं माझ्या शेजारी एक वयस्कर बाई राहायची, तिला सगळी गल्ली जिज्जी म्हणायची. मी सवयीनं सकाळी मुलीसाठी पोळी टाकायला तवा ठेवला आणि दिवस कुठला ते लक्षात येऊन हात थबकला, तोच जिज्जी दारात ओरडली, "अरी मराठिन! आज के दिन तवा? तवा तो नाग का फन होता है!" मी तवा उतरवला आणि तिच्या दारात गेले. तर तिच्या चुलीवर ही मोठी कढई, आणि पुऱ्या टम्म फुगून वर येत होत्या.

"और ये कढ़ाई?" मी विचारलं.

"कढ़ाई से नाग का क्या लेना-देना!"

मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता हुंदके यायला लागले. जिज्जी घाबरली. तिला कसं सांगणार, की आमच्याकडं कढई ठेवली असती तरी एका पोरीचा संसार गेला असता? एकच नाग, हिर्डोशीत कढईवर रागावतो आणि जबलपूरला तिच्याकडं बघतही नाही. कल्याणला गाडी बदलली तसा त्याचा नेमही बदलला म्हणायचा.

त्या वर्षापासून दर पंचमीला मी मुद्दाम तवा ठेवते. दिंडं करते, माझी फुटतात, फुटलेली तशीच तुपात लाल करते आणि सगळ्यांना वाढते. जिज्जी पहिली दोन-तीन वर्षं येऊन रागावली. मग एका वर्षी पदराखाली दोन घेऊन गेली. "बच्चों के लिए," म्हणाली. तिच्या घरात लहान मूल कुणी नव्हतं. आमच्या घरात कुणाला साप चावला नाही. मुंगळा चावला एकदा, तोही दसऱ्याला.

पण याला धीटपणा म्हणू नका. इतक्या लांब बसून नागाला वाकुल्या दाखवायला काय लागतं? तोंड उघडायचं होतं ते ओट्यावर, थोरल्या काकीसमोर. ते मी केलं नाही. आईसमोरही केलं नाही. आई जिवंत आहे तोवर तिला खोटी पाडायची नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. सोयीची समजूत होती. खरं सांगायचं तर आईला माझी ढाल केली होती.

मागच्या वैशाखात आई गेली. मी आले. मोटार आता बरीच वर येते, बाकी चालत. दिवसकार्यात मी हौसाला पाहिलं. केस पांढरे, हात शेतातल्या कामानं काळे, जाड. भावाच्या घरी सगळ्यांच्या भाकऱ्या तीच थापते. सकाळ-संध्याकाळ, रोज, वीस वर्षं. सण आला की मात्र तिनं चुलीपासून उठायचं आणि बाहेर ओट्यावर बसायचं. पुरणाला तिचा हात चालत नाही. पान बाहेर नेऊन देतात. मी विचारते तुम्हाला, रोजच्या भाकरीला जो हात चालतो तो पुरणाला का चालत नाही? भाकरी तव्यावरच होते ना?

नदीवर गाठून मी तिला म्हटलं, "हौसा, मला तुला एक सांगायचंय."

"सांग की."

"पंचमीला तवा म्या ठेवला हुता."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मोठ्यांदा हसली. तिचे दोन दात पडले आहेत. "अगं येडे, मला काय सांगतीस? म्या तितंच हुते की. निम्मं म्या खाल्लं."

"मला माफ कर."

"माफीचं ऱ्हाऊ दे. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांग."

"लोक काय म्हणतील गं. आईला बी..."

"लोक मला वीस वरसं म्हणत्यात. आता जरा तुला म्हणू देत. तू तर येवढ्या लांब हाईस, तुला ऐकू बी यायचं न्हाई." मग धुणं पिळता पिळता, मान वर न करता म्हणाली, "तुझ्या पोटात पोर हुती म्हणून म्या व्हय म्हन्लं. ती आता नांदती हाय न्हवं? मग तू कुणाला भेतीस?"

आणि तरीही मी तेराव्याला पंगतीत गप्प बसले, हौसाचं पान बाहेर जाताना पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडलं. पहिल्यांदा गेले तेव्हा मी पोर होते, असं तरी म्हणता येईल. दुसऱ्या वेळी मी आजी व्हायच्या वयाची होते.

म्हणून आता लिहिते आहे. शाळेच्या मास्तरांना वेगळी चिठ्ठी घातली आहे, त्यांनी हे देवळापुढं सगळे जमले असताना मोठ्यानं वाचावं. एक प्रत पुण्याला आणि एक मुंबईला आपल्या माणसांकडं धाडली आहे, कारण खोटी गोष्ट तिथवर पोचली आहे, तर खरीही पोचली पाहिजे. दादा, तू म्हणशील मेलेल्या आईचं नाव बद्दू केलं. आईनं पोटच्या पोरीसाठी खोटं सांगितलं. तिच्या जागी मी असते तर कदाचित तेच केलं असतं. पण तिचं खोटं मी जन्मभर पोसायचं, असं काही तिनं माझ्याकडून वचन घेतलं नव्हतं. आणि थोरल्या काकी, तुम्ही अजून आहात असं कळतं. तुम्ही विचारलं होतं, खरं सांगा. तुम्हाला वीस वर्षं उशिरा सांगते. तवा मी ठेवला. फुरसं कुणीच आणलं नाही. संसार तुम्ही आणि मी मिळून मोडला.

कुणाला माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नका. माझ्या नावानं बोटं मोडायची तर मोडा, हौसा म्हणाली तसं मला ऐकू यायचं नाही. पण मी येणार आहे. या श्रावणात, पंचमीच्या आदल्या दिवशी, मोटार येते तिथवर मोटारीनं, पुढं चालत. आता संस्थान गेलं, राज्य बदललं, तुमच्या चुलीपुढचा कायदा तेवढा तसाच ठेवायचं काही कारण मला दिसत नाही.

गेलेल्यांना लोक विचारतात, तुझं घर कोणतं, हे की ते? जबलपूरचं माझं घर आहे, मी मरेन ती बहुतेक इथंच. माहेर कोणतं ते मात्र मला माहीत नाही, आणि ते ठरवणं माझ्या हातातही नाही. ज्या घरातली बाई त्या दिवशी ओट्यावर येईल आणि हौसाला म्हणेल, "आत ये, पुरण तू वाट," त्या घरी मी हातपाय धुऊन आत जाईन. ते दादाचं असो, काकीचं असो, नाहीतर जिचं नावही मला ठाऊक नाही अशा नव्या सुनेचं असो. तेच माझं माहेर. कुणीच आलं नाही, तर मी हौसाजवळ ओट्यावर बसेन, माझंही पान बाहेर वाढा.